रघूचा माईक आणि माझी फुंकर

रघू गेल्याचं मला कंपनीच्या गेटवर कळलं. दुसऱ्या शिफ्टला आत शिरत होतो, तर टाइमकीपर म्हणाला, "तुमचा तो रेकॉर्डिंगवाला गेला की हो सकाळी." मी कार्ड पंच केलं, मशीनवर गेलो आणि आठ तास काम केलं. सांगायला लाज वाटते, पण त्याच्या दारात जायची हिंमतच झाली नाही. आता दीड महिना झाला, अजून कुठं धड बसवत नाही... चहासुद्धा उभ्याउभ्या घेतो.

रघू आमच्या टूलरूमचा. हात सोन्याचा, तोंड मात्र फाटकं. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यानं तो स्टिरिओ रिबन माईक आणला आणि घरी पोटभर शिव्या खाल्ल्या. आत धातूच्या दोन पट्ट्या, एकीवर एक. एकीचं तोंड डावीकडं, दुसरीचं उजवीकडं. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीहून पातळ. "राव, हा दोन कानांनी ऐकतो," तो सांगायचा. "पेटी कुठं, ढोलकी कुठं, टेप ऐकून डोळे मिटून बोट दाखव." वाऱ्याच्या झोतानंही पट्ट्या तुटतात म्हणून माईकजवळ बोलताना तो स्वतः मान फिरवायचा, पंखा बंद करायचा. रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी, कारण त्या दिवशी पिंपरीतल्या कंपन्यांना सुट्टी आणि पत्रा दाबणारे सगळे प्रेस गप्प.

माझे वडील, आबा, जयंतीला विहारात गायचे. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गुरुवारी दुपारी भरती व्हायचं होतं. रघू म्हणाला, "सकाळी विहारात आण त्यांना. आवाज मी ठेवतो जपून."

त्या सकाळी माईक चारदा वीतभर इकडंतिकडं सरकवून तो नळावरच्या बायकांना गप्प करायला बाहेर गेला. आणि मी... जन्मभर लाउडस्पीकरच्या माईकपुढं उभा राहिलेला माणूस. वाकलो, जाळीला तोंड लावलं आणि सवयीनं जोरात फुंकलं. "फू, फू, हॅलो!" रघू दारातच थांबला. धावत आला, हेडफोन चढवला, आबांना गुणगुणायला लावलं. टेपच्या मशीनवरचे आवाजाचे दोन्ही काटे जागचे हलेनात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी सतरंजीकडं.

"करू का रं सुरू?" आबांनी विचारलं. दुसरा माईक शोधायला वेळ नव्हता, रिक्षा सांगून ठेवलेली. रघू म्हणाला, "करा आबा." टेप फिरत राहिली आणि आबा तीन गाणी गायले, काय गायले! शेवटी रघूनं हात जोडले. "आबा, आवाज आलाच नाही. पट्ट्या मी जास्त ताणून बसवल्या होत्या, तुटल्या."

"व्हय का?" आबा म्हणाले. "असू दे पोरा. गायलो तर खरं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं! नाही बोललो. वस्तीत बोलणं झालं, रघूच्या मशीनीत म्हाताऱ्याचा आवाज मेला. त्यानं दोन बारीक दातेरी चक्रांमधून नवी पातळ चांदी दाबून पट्ट्या केल्या, माईक पुन्हा उभा केला, पण त्याला कुणी बोलावलं नाही. आबा पुढं चार वर्षं पाटीवर लिहून बोलले. त्या पाटीवर मी एकदाही खरं लिहिलं नाही. रघूनं विषय काढला नाही आणि मी त्याच्या घरी जाणं कमी करत गेलो. किती भिकारडा निघालो मी!

परवा अखेर रघूच्या घरी वहिनींकडं गेलो. त्यांनी जुन्या स्वेटरच्या पिशवीतून माईक काढून माझ्यापुढं ठेवला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं होतं यांनी. म्हणाले, बापाचा आवाज चाललाय त्याचा, त्यात हे कुठं त्याच्या माथी मारू?"

मी दम रोखून माईककडं बघत बसलो. वहिनींनी पाणी आणलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "श्वास घ्या की."