नवरदेवाशिवायचं केळवण

पोलादपूरच्या शाळेत सातवीत मुलगी मी एकटीच. पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मला जागा मिळाल्याचं कळलं, आणि आमची वाडी गांगरूनच गेली. मुलगी वाडी सोडून जायची ती लग्न होऊन. शिकायला निघालेल्या मुलीचं काय करतात हे कुणाच्या बापालाही ठाऊक नव्हतं. मग जे ठाऊक होतं तेच त्यांनी केलं. माझं केळवण केलं!

घरोघर पाट-रांगोळी, शेवया, नारळाचा रस, वर ओटी. "नवरा कुठं हाय गो?" म्हणून काकवा चिडवायच्या. मी म्हणायची, "पुण्यात बसलाय, पुस्तक वाचीत." काय मिजास चढली होती मला! शाळा संपायला अजून दोन महिने होते. पण जागा तर मिळाली, आता कशाला ती अपूर्णांकांची कटकट? मी शाळेत जाणंच सोडलं. मास्तर निरोप धाडून दमले. आई म्हणायची, "ऱ्हाव दे, चार दिसांची पाहुनी हाय."

आत्या मात्र संध्याकाळी चुलीशी एकटीच बसू लागली. ही माझी बालविधवा आत्या, जन्म माहेरीच काढलेली. मी पहिलीत होते तेव्हापासून रोज संध्याकाळी चुलीशी बसवून दिवसभराचं शिकलेलं माझ्याकडून वसूल करायची. भात रटरटतोय आणि ही राखेत बोटानं अक्षरं काढतेय. खरं म्हणजे सातवीत आम्ही दोघी होतो.

शेवटचं केळवण आमच्याच घरी झालं. सवाष्णींनी ओटी भरली. आत्या आतच राहिली. विधवेनं ओटी भरायची नसते. मी पदर सावरत चुलीपाशी गेले आणि लाडात विचारलं, "आत्या, तू काय देतेस?"

ती भडकलीच. "माझ्यानं तुझी ओटी भरवायची नाय, नि माझी कोन भरीत नाय. तूच भरायचीस, रोज शाळंतनं येऊन. किती दिस झालं, रिकामी बसलेय मी. जागा तुला गावली गो, मला कुठं गावली?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो, तसा. रात्रभर फुगून बसले आणि सकाळी दप्तर उचललं. मास्तर म्हणाले, "काय नवरीबाई, वाट चुकलात?" वर्ग खो खो हसला. हसू दे, म्हटलं. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत मी एकदाही शाळा चुकवली नाही. एका संध्याकाळी आत्यानं राखेत सावित्री नदी काढली, घाट काढला, आणि पुणं कुठं ते माझ्याकडून दाखवून घेतलं. ती चूल आजही आठवते, आणि जीव तिथेच घोटाळतो.

जायच्या दिवशी सवाष्णींनी पुन्हा माझी ओटी भरली, आणि सगळी वाडी मोटारीपाशी आली. शकुन बिघडू नये म्हणून आत्या लांब आंब्याआड उभी होती. मी सरळ तिच्याकडे गेले आणि माझ्या ओटीतला नारळ, तांदूळ, सगळं सगळ्यांदेखत तिच्या पदरात ओतलं.

"अगो, असं करू नये!" मागून कुणीतरी ओरडलं. मोटारवाला भोंगा वाजवत होता.

आत्यानं पदर घट्ट आवळला. डोळे पुसले आणि मलाच दटावलं, "दिवाळीला येशील तवा हात हलवीत येव नको. आपन दोघी आता कालेजात हाव."