बानाबाईचा काळ्या

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून शर्यतीच्या घोड्यांचं एक फार्म आहे. बानाबाई तिथं चारा टाकायला होती. माहेर पिशोरचं, मेंढपाळांचं. आई मेलेली कोकरं जगवावीत तर तिनंच.

माघातल्या एका सकाळी फार्मवरची सगळ्यांत चांगली घोडी व्याली आणि दुपारपर्यंत गेली. शिंगरू काळंभोर. डॉक्टरांनी चीक कसाबसा पोटात घातला, पण पुढं ते बाटली तोंडात धरीना. फार्म सांभाळणारे त्रिंबकराव डोकं धरून बसले.

"साहेब, माझी शेळी आणू का?"

"अगं, शर्यतीचं जनावर आहे ते."

"असंना का. भूक तर सगळ्यांची सारखीच."

तिनं शेळीला ओट्यावर उभं केलं, बोटं दुधात बुडवून शिंगराच्या तोंडात दिली आणि हळूहळू त्याचं तोंड आचळाकडं नेलं. ते लुचायला लागलं. मग कित्येक आठवडे ती त्याच्याजवळच गवतावर पडून असायची. ते लुकलुकत्या डोळ्यांनी तिच्याकडं बघायचं, आणि तिला वाटायचं, आपण लहानपणीच्या माळावरच आहोत, मेंढरं चरतायत, वारा सुटलाय. ती त्याला काळ्या म्हणायची.

दीड वर्षाचा झाल्यावर काळ्या शर्यतीच्या तालमीसाठी पुण्याला गेला. कागदावर त्याचं नाव पडलं 'सफर'.

त्याच्या शर्यती सून शीला मोबाइलवर दाखवायची; इवल्याशा पडद्यावर सगळे घोडे सारखेच दिसायचे. पहिल्या शर्यतीत तो पाचवा आला. पुढच्या पावसाळ्यात पुण्यात त्यानं लागोपाठ तीन जिंकल्या.

"आत्याबाई, पेपरात फोटो आलाय!"

बानाबाई त्या काळपट छापलेल्या फोटोवरून नुसतं बोट फिरवायची.

डर्बीला, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीला, त्रिंबकराव तिला मुंबईला घेऊन गेले. घोडे फिरवत आणले, तेव्हा ती काळा घोडा शोधत राहिली.

"तो काय, सात नंबर," त्रिंबकराव म्हणाले. "या रंगाचे घोडे जन्मतात काळे, मग वर्षावर्षाला उजळत जातात."

सात नंबर राखेच्या रंगाचा होता. उन्हात त्याच्या अंगावर चांदीचे ठिपके चमकत होते.

शर्यत सुटली. वळणावर तो पार मागं होता. मग बानाबाईला सगळा गलका लांब गेल्यासारखा वाटला. तळपायाखालची जमीन तेवढी थरथरत होती. कडेकडेनं तो एकेकाला मागं टाकत आला, पळत नव्हे, वाहत आल्यासारखा, आणि मानेएवढ्या अंतरानं जिंकला.

"त्याला हाक का नाही मारली?" त्रिंबकरावांनी नंतर विचारलं.

"लई दमला होता वो तो."

पुढच्या वर्षी आणखी दोन मोठ्या शर्यती त्याच्या नावावर लागल्या. तिसरीत पुढच्या पायाची शीर दुखावली आणि त्याचं पळणं संपलं. पैदाशीसाठी तो पडेगावला परत आला, तेव्हा जवळजवळ पांढरा झाला होता. बानाबाईनं हात पुढं केला. त्यानं हुंगला आणि तो गवताकडं वळला.

"वळखलं नाय की तुम्हाला," शीला हळहळली.

"नाय तर नाय," बानाबाई हसली. "खातोय ना नीट?"

आता ती कामाला जात नाही, पण थंडीच्या दिवसांत पहाट सरली की कुंपणापाशी जाऊन बसते. धुक्यात पांढरा घोडा दिसत नाही. गवत तोडल्याचा आवाज तेवढा येतो, कधी जवळून, कधी लांबून. ऊन वर येईपर्यंत ती तो ऐकत बसते.