तोंड नाका, पानां दाखय

गोव्यातल्या साखळी गावातले माझे हे शेजारी पणजीच्या एका कॅसिनोत पोकर स्पर्धेचे पंच आहेत. शेवटी पानं दाखवताना तंटा झाला की निकाल त्यांचा. बसमध्ये कुणी पासावरून कंडक्टरशी हुज्जत घातली तरी मागून यांचा आवाज येतो, "तोंड नाका, पानां दाखय."

गणेशचवथीला त्यांच्या घरी तीन पत्ती रंगली. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हजे तीन राजे." शेजाऱ्यांनी मुकाट्यानं आपली पानं उपडी टाकली. सासूबाईंनी दाखवली दुर्र्यांची जोडी. मी शेजाऱ्यांची पानं उलटली, तर तीन दश्श्या. आम्ही हसून हसून लोळलो.

"टाकलेलीं पानां मेलीं. मांय जिखली," त्यांनी गंभीरपणे सासूबाईंच्या बाजूनं निकाल दिला.

मी विचारलं, "आधी दाखवायला का नाही सांगितलंत?"

"सासूक?"