बंद शाळेतले दोघे

ती केस माझ्या पोलीस खात्यातल्या नोकरीतली नाही, तरी इतक्या वर्षांच्या तपासांतून आधी तीच आठवते. निवृत्तीनंतर, दोन हजारच्या दशकात, मी सौदीत अल खर्जजवळच्या एका डेअरी फार्मवर सुरक्षा अधिकारी होतो. एके दिवशी कामगारांच्या कॅम्पमधला गुहागरकडचा सुतार हजेरीला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"पळाला," मॅनेजर म्हणाला. "कफीलला कळवतो."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर कामगाराचा व्हिसा असतो तो मालक. त्याने एकदा फरार अशी नोंद केली की माणूस आधी कोठडीत आणि मग थेट विमानात. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

आधी खोली तपासली. कपडे, बॅग जागेवर. फक्त हत्यारांची पेटी नव्हती. पळणारा माणूस रंधा घेऊन पळत नाही. खोलीतल्या सोबत्याला समोर बसवलं. सुतार हत्यारं घेऊन कुठे जातो, ते विचारलं.

"साहेब, दर शुक्रवारी तो एकटाच कुठंतरी जायचा," तो म्हणाला.

पुढची खबर बेकरीवाल्या पठाणाने दिली. "आपका मिस्त्री? दो आदमी की रोटी ले जाता है. पुराने गाँव की तरफ."

जुन्या गावात पडकी घरं आणि एक शाळा. गावकऱ्यांनीच बांधलेली. वस्ती हायवेकडे सरकली, मुलं गेली, शाळा बंद पडली. तिथल्या मास्तरांनी ती इमारत विकत घेतली आणि बायकोसह तिथेच संसार थाटला. एका वर्गात चूल, दुसऱ्यात बिछाना, भिंतीवर फळा तसाच. बायको वारल्यावर म्हातारा एकटा उरला होता.

मी आत शिरलो तेव्हा सुतार त्याला चमच्याने डाळ भरवत होता. मला पाहून उभा राहिला.

"शुक्रवारी पडले हो, साहेब. पाय उचलत नाहीत."

"दवाखान्यात का नेलं नाहीस?"

"नको म्हणतात. मुलगा रियाधला नेईल, मग परत इथं आणणार नाही. मला शपथ घातलीय."

"तू इथं कशाला येत होतास?"

"दारं दुरुस्त करायला. कफील सोडून बाहेरचं काम करतो म्हणून धरतील, या भीतीनं कुणाला सांगितलं नाही." तो थांबला. "आमचे बाबा गेले तेव्हा मी इथंच सौदीत, तबूकला होतो. सुट्टी मिळाली नाही."

म्हाताऱ्याच्या अंगात ताप होता. मी त्याच्याकडून मुलाचा नंबर मागितला, तर त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. सुतार त्याच्या उशाशी बसून मोडक्यातोडक्या अरबीत बराच वेळ समजावत राहिला. अखेर म्हाताऱ्याने स्वतःच नंबर सांगितला.

मुलगा दुपारी आला. वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेऊन रडला. मॅनेजरला त्यानेच सगळं सांगितलं, म्हणून सुताराची नोकरी वाचली. गाडीत बसताना म्हाताऱ्याने सुताराचा हात सोडला नाही. मुलाने हळूच सोडवला. मग मुलाने शाळेला कुलूप लावलं.

पुढच्या शुक्रवारी सुतार कॅम्पच्या पायरीवर बसून होता. मी शेजारी बसलो. "ते परत येतील का, साहेब?" त्याने विचारलं. "मुलगा पाठवेलसं वाटत नाही," मी म्हणालो.

खात्यात आम्ही हरवलेला माणूस सापडला की फाइल बंद करायचो. त्या दिवशी माणूस सापडला होता, जिवंत, सुखरूप. पण आता त्याला शुक्रवारी जायला कुठलंच दार उरलं नव्हतं.