भुऱ्याला लावलेलं तेल

मोशीतली निम्मी पोरं गोजाबाईच्या पायांवर न्हालेली. बाळाला चोळणं, बाळंतिणीला शेक देणं, म्हाताऱ्यांचे गुडघे-कंबर बघणं हे काम तिच्या सासूचं. सासूने कधी हात धरून शिकवलं नाही. नुसती म्हणायची, "बघत ऱ्हा. अन् हात लावायच्या आदी हात ऊन कर." पुढे सासू गेली, नवरा गेला, नदीकडची शेतं इमारतींखाली गेली, पण गोजाबाईचं काम राहिलं. उलट वाढलंच. टॉवरमधल्या पोरींच्या आया बीड-लातूरकडून यायच्या आणि महिनाभर राहून परत जायच्या. मग बाळाच्या अंघोळीला कोण? गोजामावशी. गेटवरचा वॉचमन वहीत नाव न लिहिताच तिला आत सोडायचा.

तेलाची बाटली उघडली की पहिला थेंब ती जमिनीला लावायची, "माउली" म्हणायची आणि मगच अंगाला हात लावायची.

बाळाला साधं तिळाचं तेल, कोमट. पण चाकणच्या कंपन्यांत लाईनवर उभी राहून पाठ धरलेली पोरं यायला लागली, तेव्हा तिने काष्ठौषधीच्या दुकानातून गंधपुऱ्याचं तेल आणायला सुरुवात केली. उग्र वासाचं, लावलं की आधी गार आणि मग चटका देणारं. तो वास नाकात गेला की पोरांचं अर्धं दुखणं तिथेच पळायचं. तान्ह्या बाळाला मात्र तिने त्याचा थेंबसुद्धा कधी लावला नाही.

मारुतराव हे तिचं जुनं गिऱ्हाईक. गावातले मूळचे शेतकरी, वयाने तिच्यापेक्षा थोडे थोर. ती त्यांना आण्णा म्हणायची. जमीन गेल्यावर मुलाने, जयदीपने, तीन मजली घर बांधलं. जयदीप दिवसभर प्लॉटच्या कामात, सून मोनिका शाळेत शिकवायला. घरात सगळं होतं, पण बोलायला माणूस नव्हतं. आण्णा ओट्यावर बसायचे आणि पायाशी भुऱ्या.

भुऱ्या हा शेतावरचा कुत्रा. विहिरीपाशी जन्मला, तिथेच मोठा झाला. जमिनीचा ताबा दिला त्या दिवशी ट्रॅक्टरमागे चालत गावात आला, तो आण्णांच्या पायाशी बसला तो बसलाच. रोज सकाळी दोघं खंडोबाच्या देवळापर्यंत जायचे. आण्णांच्या गुडघ्यांना ते चालणं जड जायचं, पण कुत्र्याला फिरवायचं म्हणून ते उठायचे. थंडी पडली तशी भुऱ्याची मागची बाजू धरली. पुढचे पाय उठायचे, मागचे फरशीवर घसरायचे. भुऱ्या बसला आणि त्याच्याबरोबर आण्णाही बसले.

गोजाबाई गुडघे चोळायला आली तेव्हा आण्णांनी धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं.

"माझं ऱ्हाऊ दे आज. त्याला चोळ."

"आता कुत्री चोळायचीच राहिली व्हती माझी," ती हसली. "उद्या म्हशी आणशीला."

"गोजा, तुझ्या हाताखालून सारी पोरं उभी राह्यली. माझं ह्ये एकच पोर बसलंय बघ."

ती भुऱ्याजवळ बसली. हात ऊन केले, तिळाचं तेल घेतलं, जमिनीला थेंब लावला. भुऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पाय सैल सोडले. माणसाच्या अंगासारखंच होतं सगळं. कुठे गाठ, कुठे ताठरलेली शीर, ते बोटांना आपोआप कळत होतं.

मध्यंतरी जयदीपने त्याला भोसरीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. आण्णा मागे बसून गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हातारपणाची सांधेदुखी म्हणाल्या, दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या. आणि विचारलं, "याला दुसरं काही औषध चालू आहे का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

खोटं बोलले नाहीत. औषध म्हणजे पाकिटातून येतं ते, सुईतून जातं ते. चोळणं म्हणजे चोळणं. त्याला आजवर कुणी औषध म्हटलं नव्हतं.

गोळ्यांनी गुण येत होता, पण हळूहळू. आणि चंपाषष्ठी तोंडावर आली होती. दर साली भुऱ्या आण्णांबरोबर देवळात जायचा. खंडोबाचं जनावर ते. त्याला भरीत-रोडग्याचा घास दिल्याशिवाय घरातलं कुणी ताटावर बसत नसे. या साली तो चालत गेला पाहिजे, हे आण्णांनी मनात धरलं.

"जरा कडक लाव की. पोरांना लावती ते."

गोजाबाईने क्षणभर विचार केला. कातडं पोळेल का? पण याच्या अंगावर तर हे दाट केस. तिने तिळाच्या तेलात गंधपुरा सढळ हाताने घातला, मागच्या मांड्यांना आणि कमरेला जिरवला आणि ऊब राहावी म्हणून वरून फ्लॅनेलच्या कापडाचा पट्टा बांधला. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. भुऱ्या मान वाकडी करून पट्टा दातांनी ओढायचा आणि खालचं तेल चाटत बसायचा.

"चव लागली जणू लेकाला," आण्णा म्हणायचे, आणि दोघं हसायची.

चार-दोन दिवसांत भुऱ्या उठला. लटपटत का होईना, फाटकापर्यंत गेला. आण्णा काठी टेकत त्याच्यामागे. रस्त्यावरून शेजारची शालनबाई चालली होती, तिला त्यांनी मुद्दाम थांबवलं. "बघितलं का? डॉक्टरचं काय न्हाई त्यात. हाताचा गुण हाय." गोजाबाईने पदराने तोंड पुसलं, पण आतून ती फुलली होती. रात्री देवापुढे दिवा लावताना तिने भुऱ्याचंही नाव घेतलं.

मग भुऱ्या जेवेनासा झाला. धाप लागल्यासारखा भराभरा श्वास घ्यायचा, पाणी प्यायचा आणि ओकायचा. थंडीत शिळं काही खाल्लं असेल म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. चंपाषष्ठीच्या दुपारी मोनिकाने भरीत-रोडग्याचं पान त्याच्यापुढे ठेवलं. भुऱ्याने वास घेतला आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

आण्णांनी पान पुन्हा त्याच्या तोंडाशी सरकवलं.

"देवानं निवद घेतला न्हाई," आण्णा म्हणाले.

"आण्णा, देवाचं नाही हो ते, त्याला बरं नाहीये," मोनिका म्हणाली. "आत्ता डॉक्टरकडे नेऊ या ना."

"आज सणाच्या दिशी? उद्या बघू. आधी भंडारा लाव त्येला."

भंडारा लावला. गोजाबाईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. फाटकापर्यंत चालत गेला तेव्हा साऱ्या गल्लीने पाहिलं होतं, कुणाची तरी नजर लागली असणार. मिरच्यांचा ठसका आला नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली. मग त्याचं अंग गार लागलं म्हणून ती पुन्हा बाटली घेऊन बसली. त्या संध्याकाळी तिने त्याला रोजच्यापेक्षा जास्त वेळ चोळलं.

सकाळी ओट्यावर चहाच्या चोथ्यासारखी काळी ओकारी पडली होती, आणि शी डांबरासारखी. जयदीपने गाडी काढली. दुखणं वाढल्यापासून भुऱ्या फक्त गोजाबाईच्या हाताला शांत राहायचा, म्हणून तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मोनिकाने शाळेत फोन करून रजा टाकली, आण्णाही काठी घेऊन गाडीत बसले.

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या दाबून बघितल्या. पांढऱ्याफटक. "गोळ्या जास्त दिल्या का?"

"नाही, तुम्ही सांगितल्या तेवढ्याच," जयदीप म्हणाला.

"घरात काही फवारलं? उंदराचं औषध? वासाचं काही?"

मोनिका चाचरली. "हॉलमध्ये मी सुगंधी तेलाचा डिफ्यूजर लावते. लव्हेंडर. पण हा तर बाहेर असतो."

"त्येच!" गोजाबाई एकदम बोलली. "मी म्हणत व्हते, त्या विंग्रजी वासानं डोकं धरतंय माझं. मुक्या जनावराचं काय व्हत असंल!"

मोनिकाचं तोंड एवढंसं झालं. डॉक्टरीणबाई मान हलवत म्हणाल्या, "बंद खोलीत कोंडला असता तर त्रास झाला असता. कुत्र्याला उठून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. पण त्याने असा रक्तस्राव होत नाही." मग त्या वाकल्या. भुऱ्याच्या कमरेवरचे केस चिकट होते. त्यांनी बोट लावून वास घेतला. "हे काय आहे?"

"त्ये माझं तेल," गोजाबाई म्हणाली. ताठ मानेने म्हणाली. "गंधपुऱ्याचं. त्यानंच तर उठला व्हता. इच्यारा आण्णांला."

"किती दिवस? आणि हा ते चाटतो?"

"चाटतोय की. चव लागली त्येला."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मावशी, तान्ह्या बाळाला लावाल हे?"

"अगं बाई, न्हाई! बाळ हात तोंडात घालतंय, सारं पोटात—"

तिचं बोलणं तिथेच तुटलं.

"मी दिलेली गोळी आणि हे तेल एकाच जातीचं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "हे नुसतं वासाचं तेल नाही, पातळ औषध आहे. कातडीतून जातं, जिभेवरून जातं. दोन्ही मिळून पोटाला आतून जखमा झाल्या." मग आण्णांकडे वळून म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला, दुसरं काही औषध आहे का."



तेल आधी काढायला हवं होतं. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. भुऱ्या दुसऱ्या कुणाला धरू देईना, म्हणून गोजाबाईच पुढे झाली. तिने पट्टा सोडला आणि तोच भाग, त्याच मांड्या, पुन्हा पुन्हा धुतल्या. वास निघता निघेना. भुऱ्या तिचा हात चाटायला जीभ काढायचा आणि ती हात मागे घ्यायची. तोंडात "माउली, माउली" चाललेलं, पण हाक पुढे जातच नव्हती.

सलाईन लावलं, सुया दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भुऱ्याला झटके आले आणि तो गेला.

पुरायचा कुठे, हा प्रश्न आला. ज्या शेतात तो जन्मला तिथे आता पार्किंग होतं. घराभोवती जयदीपने हौसेने पेव्हर ब्लॉक बसवलेले, मातीचा तुकडा नव्हता.

"आण्णा, महापालिकेची गाडी येते त्यासाठी. फोन करू का?"

"गाडीत न्हाई जायचा त्यो. ब्लॉक काढ."

"अहो, पण—"

"काढ म्हणलं ना."

जयदीपने पहार आणली. ओट्याच्या कडेचे ब्लॉक निघाले, खाली मुरूम, मुरमाखाली जुनी काळी माती लागली. आण्णांनी स्वतः मूठभर भंडारा टाकला. गोजाबाई फाटकाबाहेर उभी होती. तिला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.

तिला वाटलं, आता गावात नाव जाईल, बाया पोरं तिच्या पायांवर देणार नाहीत. तसं काही झालं नाही. "कुत्रंच होतं, मावशी, म्हातारं," म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. चाकणची पोरं पाठ घेऊन येतच राहिली. पण आता उग्र तेल काढण्याआधी ती दारातच विचारायची, "घरात कुत्रं-मांजर हाय का?" असलं तर साध्या तेलाने चोळायची आणि म्हणायची, "अंग धुतल्याबिगर त्येला जवळ घिऊ नको. चाटतंय त्ये." एक दोघं हसली, म्हातारीला कुत्र्याचं याड लागलं म्हणाली. तिने हसू दिलं.

आण्णांकडून बोलावणं येत नव्हतं. शेवटी मोनिकाच भेटली. म्हणाली, "मावशी, ते उठतच नाहीत. गुडघे धरलेत, तरी तुम्हाला बोलवू देत नाहीत."

गोजाबाई गेली. बरोबर फक्त तिळाचं तेल नेलं. आण्णा ओट्यावर होते, पाय लांब केलेले, सुजलेले. शेजारी पुन्हा बसवलेले ब्लॉक बाकीच्यांपेक्षा थोडे वर आले होते.

"आण्णा, माजी चूक हाय," ती म्हणाली. "मला दोन शिव्या द्या. पण पाय तरी द्या."

"तुजी काय चूक?" ते तिच्याकडे न बघता बोलले. "तुला कुनी इच्यारलं न्हवतं. मला इच्यारलं व्हतं. म्या न्हाई म्हणलो."

"तुमाला तरी काय ठावं व्हतं?"

"त्येला दुखत व्हतं तवा मला घाई झाली, गोजा. त्येला न्हवती."

तिने हातावर हात घासून ऊन केले आणि त्यांच्या गुडघ्याकडे नेले. आण्णांनी धोतर गुडघ्यावरून खाली ओढून घेतलं.

"नको. दुखू दे."

तिने हात मागे घेतले. ऊन केलेले हात मांडीवर निवत गेले. मग टॉवरमधल्या बाळाच्या अंघोळीची वेळ झाली, तशी ती उठली आणि चपला घालून फाटकाबाहेर पडली.