मुंग्यांनी साखर सोडवली

मित्रांनो, आज आमच्या अंबडच्या ऑफिसात एक गंमत झाली.

आमच्यात निम्म्यांना शुगर आहे. म्हणून चहा बिनसाखरेचाच येतो. पण टेबलावर साखरेचा डबा असतो आणि सगळे दोन-दोन चमचे टाकूनच पितात. मागं भिंतीवर 'साखर टाळा'चं पोस्टर!

आज डब्याला मुंग्या लागल्या, म्हणून चहावाल्या शांताबाईंनी तो पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवला. आमचे कदम भाऊसाहेब मुकाट फिका चहा प्यायले.

मी विचारलं, "भाऊसाहेब, सोडली का साखर?"

"सोडतो कशाची! तिथवर कोण उठून राह्यलं?"

मी पण न्हाई उठलो.

कुठंतरी वाचलं होतं, की मनावर ताबा असलेली माणसं मोहाशी झगडत बसत न्हाईत, त्याला समोर येऊच देत न्हाईत. तेव्हा पटलं नव्हतं.

मंग खिडकीतून समोरची शाळा दिसली. परवाच तिथं पोरांना तंबाखू न खायची शपथ दिली. हारतुरे, फोटो, सगळं बराबर झालं. पुड्यांची टपरी मात्र गेटाला लागूनच आहे.

शपथ द्यायला सगळे आल्ते. टपरी हलवायला कोण उठून राह्यलं?