तुकड्यांना जेवू घालणाऱ्या बाई

शेळीच्या पोटातल्या ऐवजाविषयी इतक्या आदराने बोलणारी बाई आमच्या नांदे गावात पूर्वी कधी झाली नाही आणि पुढेही होईलसं वाटत नाही. बाई आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. मूळच्या लातूरकडच्या, नोकरी हिंजवडीकडे एका प्रयोगशाळेत. खोली बघायला आल्या तेव्हा पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, असलं काहीही त्यांनी विचारलं नाही. काम काय करता म्हटल्यावर शांतपणे म्हणाल्या, "मी बीजांडकोश वाढवते." खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून आम्ही संगणकवाले पाहिले, बँकवाले पाहिले, पण हे नवीन होतं. आईला वाटलं, अळंबीसारखं काहीतरी असावं. "एवढ्याशा खोलीत मावंल का?" तिने विचारलं. "खोलीत नाही हो आजी, बशीत," बाई म्हणाल्या.

हळूहळू आम्हाला उलगडा झाला तो असा, की पोटात जिथे बीजं तयार होतात त्या अवयवाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, तो काचेच्या बशीत उबेला ठेवून जगवायचा आणि आतली बीजं तिथेच वाढतात का ते बघायचं. गावाने मात्र 'डॉक्टर' एवढंच ऐकलं होतं. लोक ताप-खोकला घेऊन जिन्यावर येऊन बसायला लागले. बाई प्रत्येकाला सांगायच्या, "मी तसली डॉक्टर नाही, बीजांडकोशाची आहे." यावर आमचे चुलते म्हणाले होते, "असूंद्या. त्यात खोकल्याचं काय न्हाई का?"

दोन गोष्टींनी बाईंची कीर्ती पसरली. पहिली म्हणजे वास. प्रयोगशाळेची शिस्त अंगात इतकी भिनलेली, की त्या दर घटकेला स्पिरिट फवारून हात चोळायच्या. शेअर जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला सकाळी सकाळी तो भपकारा आला, की 'बाई सकाळीच घेऊन निघतात' ही बातमी पुढच्या थांब्यापर्यंत पोचलेली असे. एका वास्तुशांतीला तर त्यांनी यजमानांच्या हातातल्या नारळावरही फवारा मारला. भटजींनी मंत्र थांबवून वास घेतला आणि कुणाकडेही न बघता पुन्हा सुरू केला. दुसरी गोष्ट मटणवाल्याची. प्रयोगशाळेला शेळ्यांचे बीजांडकोश शहरातल्या कत्तलखान्यातून मिळत, पण एकदा तो बंद होता. बाई रविवारी सकाळी गावातल्या दुकानापुढच्या रांगेत बर्फाची पेटी घेऊन उभ्या राहिल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आज शेळ्यांचे बीजांडकोश किती निघतील?" दुकानदाराचा सुरा हवेतच थांबला. "मॅडम, हळू बोला. हितं फकस्त बोकड कापत्यात." "एखादी तरी शेळी असेलच की," बाई समजुतीने म्हणाल्या. रांगेतली दोन-तीन गिऱ्हाइकं पिशवीची घडी घालून घरी गेली. त्यानंतर बरेच दिवस त्या बिचाऱ्याने दाढीवाली बोकडाची मुंडी दर्शनी भागात टांगून ठेवली होती.

त्यांना लग्नाला बोलावण्यातही अर्थ नव्हता. अक्षता पडल्या की घड्याळ बघायच्या आणि पहिल्या पंगतीच्या आत पळायच्या. "जेवून जावा की," आई म्हणायची. "नाही आजी, त्यांना खायला घालायचंय." "कुणाला?" "तुकड्यांना." तुकड्यांचा खुराक एक दिवसाआड बदलावा लागे, आणि त्यात बुरशी शिरली तर सगळं संपे. असं एकदा झालं तेव्हा बाई ओसरीवर नुसत्या बसून राहिल्या. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि दुखवट्याला गेल्यासारखी तीही गप्प बसली.

मग माझ्या कोळवणच्या भाचीचं दुखणं निघालं. तिच्या मानेला गाठ आली, तपासण्या झाल्या, कॅन्सर ठरला. डॉक्टरांनी बरी होईल म्हणून धीर दिला होता, पण औषधं जबर होती. पोरीचं लग्न ठरलेलं. बहीण आणि दाजी आमच्या ओसरीवर मान खाली घालून बसले होते, भाची खांबाला टेकून उभी होती. बाई जिना उतरता उतरता थांबल्या.

"औषध सुरू झालं का?"

"सोमवारपासनं हाय," बहीण म्हणाली.

"या औषधांनी बीजांडकोश जळू शकतो. त्याबद्दल कुणी बोललं का?"

कुणी बोललं नव्हतं. बाई पायरीवरच बसल्या. औषधाआधी त्याचा भाग काढून गोठवून ठेवता येतो, पुढे तो परत पोटात बसवता येतो, काही जणींना त्यातून मुलं झालीत, असं त्यांनी सावकाश सांगितलं. "आणि माझ्यासारखे लोक तो बाहेरच वाढवायला बघतायत. ते अजून जमलेलं नाही. वचन मी कशाचंच देत नाही."

"म्हंजी बियानं आधी काढून ठेवायचं," आई म्हणाली.

दाजी उसळले. "लग्नाआधी पोरीच्या पोटाला सुरी? तिकडच्यांना काय सांगू?"

"आबा," भाची बापाला म्हणाली, "माजं हाय ना ते? मला ठिवायचंय."

बाईंनी तिथूनच फोन फिरवले, डॉक्टरांची परवानगी मिळवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर स्वतः गेल्या. शस्त्रक्रियेनंतर गोठवण्याआधी त्यांना तो तुकडा बघायला मिळाला. शुद्धीवर आलेल्या पोरीच्या उशाशी वाकून त्या म्हणाल्या, "फार देखणा आहे गं तुझा बीजांडकोश." भाचीला हसू फुटलं, टाके दुखले, तरी ती हसत राहिली. गाठ निघाल्यापासून पहिल्यांदाच.

सोयरीक मोडली. तिकडच्यांनी निरोप तेवढा धाडला. पण औषध लागू पडलं. तुकडा शहरात गोठलेला आहे. त्याचं पुढे काय होईल ते कुणीच सांगत नाही, भाचीही विचारत नाही. ती आता कोळवणातच बालवाडीवर शिकवते.

बाईंना बंगळुरूला मोठी प्रयोगशाळा मिळाली आणि त्या गेल्या. परवा त्यांचा फोन आला.

"भाची कशी आहे तुमची?"

"बरी आहे. केस आलेत परत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत."

मग म्हणाल्या, "फोटो पाठवा ना."

मी पाठवला. अख्ख्या माणसाचा फोटो त्यांनी कधी कुणाकडे मागितला असेल असं मला वाटत नाही. बऱ्याच वेळाने दोन शब्द आले: "छान वाढलेत."

मी ते आईला वाचून दाखवलं. आई हातातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लई लांब गेली बाई."